भोपळा, बलक आणि मी

माझी भाची ओसाकाला नोकरी करते. एका रविवारी तिने घरच्या ग्रुपवर एकाच भोपळ्याचे एकोणतीस फोटो टाकले. पिवळाधमक, अंगभर काळे ठिपके, मागे निळा समुद्र. आमच्या हिने चष्मा चढवला, फोटो दोन बोटांनी फाकवला आणि लिहिलं, ‘घारग्यांना चांगला आहे.’

पाचव्या मिनिटाला फोन. “मामी, ती कलाकृती आहे! यायोई कुसामाची!” मग आमचा वर्ग झाला. बेटाचं नाव नाओशिमा. ओकायामाच्या बाजूने बोटीत बसलं की वीसेक मिनिटांत पोचतं. वस्ती जेमतेम तीन हजार. उत्तरेच्या टोकाला १९१७पासून तांब्याची भट्टी, दक्षिणेला संग्रहालयं. हा भोपळा १९९४पासून धक्क्याच्या टोकावर बसून आहे. २०२१च्या वादळात तो समुद्रात गेला, फुटला, आणि पुढच्या वर्षी नवा करून बसवला. आपल्या गोष्टीतल्या भोपळ्यात निदान लेकीकडे राहून जाड झालेली म्हातारी तरी होती. हा रिकामाच निघाला.

तिथलं चिचू संग्रहालय तादाओ आंदो या वास्तुशिल्पकाराने २००४ साली जवळजवळ सगळं जमिनीच्या पोटात बांधलं. मोने या फ्रेंच चित्रकाराची कमळाची पाच चित्रं तिथे आहेत. ती पाहायला बूट काढून सपाता घालायच्या, फोटो काढायचा नाही, आणि प्रकाश वरून येईल तेवढाच. गावात एक न्हाणीघर आहे, तेही कलाकृतीच, पण आत खरोखर आंघोळ करता येते. ‘साबण आपला न्यायचा का?’ हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला, कारण तिने उलटा प्रश्न टाकला. “मामा, तुमच्या कर्जतला बघण्यासारखं काय आहे?”

चोपन्न वर्षं मी कर्जतला काढली. उत्तर तोंडावर असायला हवं होतं. मी म्हटलं, “स्टेशनचा वडापाव.” घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लावतात, तोवर गाडी थांबते आणि वडा खपतो, ही माहितीही पुरवली. ती गप्प. “चौकला सिनेमाचा स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा केला होता.” तरी गप्प. “फार्महाऊस आहेत भरपूर.” त्यावर ती म्हणाली, “मामा, कोंडाणे लेणी तुमच्याच तालुक्यात आहेत ना? मी डिसेंबरात येतेय. आपण जाऊ.”

मी गेलो नव्हतो असं नाही. तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा जुलैत, अंगावर बनियन, सोबत चिकन. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरूनच धबधबा कोसळतो. त्याच्या मागे दगडात काही कोरलं आहे हे मला माहीत होतं, जसं शेजाऱ्यांच्या घरी पियानो आहे हे माहीत असतं.

डिसेंबरात टमटमने कोंदिवडे गाठलं. वाटेत दर दुसऱ्या फार्महाऊसच्या फाटकावर बुद्धाचं डोकं. फायबरचं, डोळे मिटलेलं, रात्री आतून दिवा लागणारं. भाची मोजत होती. अकरावर थांबली.

पुढे जंगलातून चाल. तिने नाओशिमा विजेच्या सायकलवर पालथं घातलं होतं. इथे विजेचं काहीच नव्हतं आणि चढ होता. मी दर वळणावर थांबून झाडांची नावं सांगू लागलो. हा साग, हा ऐन. झाड ओळखायला एवढा वेळ का लागतो, हे तिने विचारलं नाही. पोर गुणाची आहे.

आणि मग राजमाचीच्या पायथ्याचं ते चैत्यगृह समोर आलं. पाणी नव्हतं, म्हणून मला ते पहिल्यांदाच दिसलं. भलीमोठी पिंपळपानी कमान, दोन्ही बाजूंना सज्जे, आणि सज्ज्यांच्या मध्ये नाचणारी जोडपी. दोन हजार वर्षं नाचताहेत, एकाचाही ठेका चुकलेला नाही. कातळात वासे कोरले आहेत, अगदी लाकडाचे वाटावेत असे. सुतारकामाची सवय हातातून गेली नव्हती, म्हणून दगडाचंही घर लाकडाचं केलं. आत मूर्ती नाही, स्तूप. त्या काळी बुद्धाची प्रतिमा घडवायची रीतच नव्हती. ती कसर आमच्या फार्महाऊसवाल्यांनी भरून काढली. प्रकाश वरून येईल तेवढाच. जमिनीच्या पोटात. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी आंदोसाहेबांच्या वतीने मान खाली घातली.

“मामा, इकडे या. डावीकडे.”

डावीकडे एक डोकं आहे. माणसाच्या डोक्याहून मोठं, यक्षाचं म्हणतात. चेहरा फुटून गेला आहे, पण शिरोभूषणाची वीण अजून बोटाने मोजता येते. त्याच्या शेजारी ब्राह्मी अक्षरांची एकच ओळ. भाचीने वाचून आलेला अर्थ सांगितला. कण्हाचा अंतेवासी बलक, त्याने हे केलं. बस. कुणाच्या कारकिर्दीत, किती खर्च आला, उद्घाटन कुणाच्या हस्ते, काही नाही. गुरूचं नाव आधी, आपलं नंतर, आणि काम पुरं झालं.

इथे मला एक गोष्ट आठवली, आणि मी ती आधी लपवणार होतो. त्या तीनपैकी पहिल्या खेपेला, दहावीच्या सहलीत, मीही इथे सही केली होती. चुलीतला कोळसा घेऊन, विहाराच्या भिंतीवर, पूर्ण नाव, ‘दहावी ब’. गुरुजींचं नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी नववीत गणितात मला भोपळा दिला होता. मी भाचीला ‘जरा खांब बघतो’ म्हणून विहारात शिरलो आणि सगळ्या भिंती पाहिल्या. माझं नाव नव्हतं. दुसऱ्या पुष्कळांची होती. एकाने तर बाणाचं हृदय काढून त्यात मोबाईल नंबर दिला होता.

उतरताना पायथ्याच्या ओळखीच्या शेतात पोपटी लागली होती. भात निघाल्यावर वाल पेरतात, त्याच्या शेंगा, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर मीठ-ओवा. मडकं जमिनीवर पालथं, भोवती पेंढा, पेटवलेला. शेतातल्या दादांनी तापलेल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं, थेंब जागीच विरले. झाली म्हणे. काळं पालथं मडकं, भोवती राख, मागे राजमाची. भाचीने एकोणतीस फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. या वेळी आत काहीतरी होतं.

जाणार असाल तर पाऊस सरल्यावर जा. कोंदिवड्याहून तासा-दीड तासाची चाल आहे, पाणी जवळ ठेवा. चैत्यगृहासमोर उभे राहिलात की आधी डावीकडे बघा. आणि चुलीतला कोळसा चुलीतच राहू द्या.