पाऊण कोटीचे कट्टे

एक तरी आप्पा तुमच्याही नात्यात असणारच. हप्त्याचं नाव काढलं की ज्याच्या कपाळावर आठ्या चढतात आणि फ्रीजपासून प्लॉटपर्यंत सगळं ज्यानं 'नगद' घेतलेलं असतं, तो. आमच्या वाट्याला आलेले आप्पा म्हणजे माझे थोरले साडू. मुक्काम लातूर, धंदा आडतीचा आणि खोड एकच, जगातली यच्चयावत वस्तू सोयाबीनमध्ये मोजायची. मी नांदेडला दाढेचं रूट कॅनल केलं, तेव्हा दुखतंय का हे न विचारता फोनवर म्हणाले, "म्हणजे दीड क्विंटल गेलं की ओ!" भाच्याची नीटची ट्यूशन पंचवीस क्विंटल. लग्नात आहेराचं पाकीट नुसतं चाचपून "अर्धा कट्टा असंल" म्हणतात, आणि तेवढाच निघतो.

या माणसाला स्पोर्ट्स कार घ्यायचीय. दोन दारांची, लाल, जमिनीला टेकलेली. चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येताना प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट खरवडेल, असं मी सांगून बघितलं. "आपल्याला काय पेरणीला न्यायचीय?" म्हणाले.

किंमत पाऊण कोटी धरा. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं, तेव्हा ही गाडी साडेसातशे क्विंटलांच्याही आत आली होती. आप्पांनी गाडीत बसायचं म्हणून नवा सदरा शिवायला टाकला. पुढं भाव पडला. साडेचार हजारांच्या भावानं तीच गाडी साडेसोळाशे क्विंटलांच्या वर. "लई जड झाली," म्हणाले, जणू कुणी रातोरात डिकीत दगड भरले होते.

तरी दिवाळी झाली की आमची वारी हैदराबादच्या शोरूमला. पहिल्यांदा आप्पांनी आत शिरताच विचारलं, "नगद देतो, किती सोडता?" टाय लावलेल्या पोरानं नम्रपणे कायदा सांगितला. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेता येत नाही; घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढा दंड. "म्हणजे चव्वेचाळीस क्विंटलांच्या वर नगद काही मिळतच नाही?" बँकेतून सगळी रक्कम एकदम दिली तरी ती नगदच, हे पटायला दुसरा चहा मागवावा लागला.

मग पोरानं कर्जाचं गणित काढलं. पन्नास लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं. व्याज सव्वाबारा लाख. तुमचे पन्नास लाख एफडीत सात टक्क्यांनी ठेवा. व्याज वीस लाखांच्या वर. "सर, गाडी घेऊन तुम्ही आठ लाख कमावले!" मी मान डोलावली.

"अन् महिन्याचा हप्ता?" आप्पा.

"एक लाख चार हजारच्या आसपास."

"तो कुठून भरायचा? एफडी मोडली तर तिचं व्याज गेलं. नाही मोडली, तर महिन्याला तेवीस क्विंटल घरातून गेलं. ते काय माझा सासरा घालणार?"

सासरा आमचा दोघांचा एकच, म्हणून मी गप्प बसलो.

मात्र हप्त्याला फास म्हणणाऱ्या आप्पांच्या वहीत अर्ध्या गावाची उचल आहे. बियाण्याला, खताला, पोरीच्या लग्नाला. माल त्यांच्याच आडतीवर यायचा. उचल वळती होऊन राहील ते पट्टीवर. एकदा परतीच्या वाटेवर मी हे बोलून दाखवलं. आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी त्यांनी उचलीसाठी कुणाच्या दारात माणूस पाठवला नव्हता. हेही मला मेहुणीकडून कळलेलं. आपण होऊन सांगतील तर ते आप्पा कसले!

"पैसे आहेत तर घेऊन टाका की एकदाची," मी म्हणालो.

"अन् लावू कुठं? आडतीपुढं उभी केली की माल घेऊन येणारा प्रत्येक जण मनात कट्टे मोजील. त्यात आपले किती, ते त्याला बरोबर कळतंय."

"मग दरसाल हैदराबादला कशाला नेता मला?"

"भाव बघाया नको? आडत्या हाय मी."