खंडित सेवा, अखंड रुग्ण

२००५ मध्ये ग्रामीण अभियान म्हणून सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातली सर्वात निरोगी गोष्ट म्हणजे ११ महिन्यांचा करार. मुदत संपली की एक दिवस ‘तांत्रिक खंड’, दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत त्याच परिचारिकेची नवी नेमणूक. एका दिवसात सलग सेवेचा दावा गार! कायद्याविरुद्ध इतकी स्वस्त लस दुसरी नाही.

आता खानदेशातल्या यावल-साक्रीच्या विंचवांनाही परिपत्रक जावे: खंडाच्या दिवशी डंख मारू नये. अवघडलेल्या बायांनी कळा रीतसर दुसऱ्या दिवसावर ढकलाव्यात.

पुढे मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानेच निर्णय काढला: दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे नियमित सेवेत समायोजन करू. खंड पाडणाऱ्यांनीच दहा वर्षांची सेवा मोजली!

ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचारी त्याच निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी संपावर गेले.