तिवस्याची किनारपट्टी

अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यापासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर आहे, हे ३ जून २०२० रोजी तिवस्यात कोणी मानायला तयार नव्हतं. ‘निसर्ग’ चक्रीवादळाची वाट पाहत अलिबागच्या किनाऱ्यावर रेनकोटातला वार्ताहर टीव्हीवरून ‘आपण पाहू शकता’ म्हणून ओरडत होता आणि आम्ही खरोखरच पाहू शकत होतो. लॉकडाऊनमुळे दुसरं काम नव्हतं आणि नवल म्हणजे लाइन होती.

‘येते म्हनते गा वादय.’

‘कुठं?’

‘मुंबईले.’

‘मंग आपल्याले काहाची फिकीर?’

‘तसं कसं? सरकार तिथंच रायते ना!’

तिकडे तयारी जोरात होती. एनडीआरएफची पथकं आली, होड्या वर ओढल्या गेल्या, कच्च्या घरांतली माणसं शाळांमध्ये हलवली. किनाऱ्यावरच्या लोकांना दोन दिवस आधी कळत होतं की वादळ कधी येणार, कुठे येणार, किती वेगानं येणार. आमच्याकडच्या कास्तकाराला एवढं तर लग्नाच्या वरातीबद्दलही कळत नाही.

दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. मुंबई वाचली, आणि संध्याकाळपर्यंत टीव्हीवरचं वादळ संपलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली इथे ते पुढे कित्येक आठवडे चालू होतं; विजेचे खांब आडवे, घरांवर कौलं नाहीत, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट. पण तिथे कॅमेऱ्याला उभं राहायला गेट वे ऑफ इंडिया नसल्यामुळे चॅनेलवाल्यांचाही नाइलाज होता.

आता तिवस्याची तयारी. त्या जूनमध्ये आमच्या अर्ध्या घरांत माणसांपेक्षा कापूस जास्त होता. हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल, खरेदी केंद्रावर रोज मोजक्याच गाड्या, आणि नंबर लागण्याची वाट पाहत बैठकीतल्या गंजीवर झोपलेली पोरं. मृग तोंडावर आलेला. तेव्हा घरोघरी आपत्ती व्यवस्थापनाचे तीन कार्यक्रम झाले: टिनावर गोटे ठेवणे, कुटारावर ताडपत्री टाकणे, आणि कापूस गळक्या कोपऱ्यातून न गळणाऱ्या कोपऱ्यात नेणे. तिसऱ्या कार्यक्रमात तसा कोपराच सापडला नाही, म्हणून कापूस होता तिथेच ठेवून वरचा गोटा बदलला.

आणि गंमत अशी की वादळ खरंच आलं! किनाऱ्यावरून निघालेलं ‘निसर्ग’ रात्रभर चालत उत्तर महाराष्ट्रातून ४ जूनच्या पहाटे पश्चिम विदर्भावर पोचलं. फक्त येईपर्यंत त्याची पदावनती झाली होती. आदल्या दुपारी ‘तीव्र चक्रीवादळ’ असलेले हे गृहस्थ वऱ्हाडात आले ते लाल दिवा काढून घेतलेल्या माजी मंत्र्यासारखे, मागेपुढे एकही गाडी नाही. स्वागताला वार्ताहर नाही, रेनकोट तर नाहीच. ज्याच्यासाठी आम्ही आदला अख्खा दिवस टीव्हीपुढे बसलो, ते डोक्यावरून जात होतं तेव्हा तिवसा झोपलं होतं.

‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं. हिंदी महासागराच्या या बाजूचे १३ देश, प्रत्येकाची १३ नावं, अशी १६९ नावांची यादी त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली. तीत भारताची गती, तेज, आग, प्रभंजन, वेग अशी खणखणीत नावं आहेत. पण यादीत शिरायला वारा निदान ताशी ६२ किलोमीटर लागतो आणि जन्म समुद्रात व्हावा लागतो. आमचं वावधन, म्हणजे उन्हाळ्यातलं वादळ, वैशाखात कुऱ्ह्याकडून उठतं, पंधरा मिनिटांत मोझरी, वरखेड करत वर्धा नदीच्या पलीकडे जातं. जाताना चार कोठ्यांची टिनं, दोन रोहित्रं आणि आंबिया बहाराची अर्धी संत्री घेऊन जातं. एवढं काम करूनही बिनानावाचं. त्याच्याबद्दल इशारा येतो तो असा: विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस. अकरा जिल्ह्यांत हे तुरळक ठिकाण नेमकं कुठे, ते आजवर एकाही तलाठ्याला सापडलेलं नाही. वावधन मात्र दरवर्षी पत्ता न विचारता पोचतं.

मग पंचनामा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं एकाच दिवशी एकाच धुऱ्यावर उभे राहणं हाच मुळात एक दुर्मीळ हवामानविषयक योग. नुकसान ३३ टक्के भरलं तर ते नुकसान. ३२ भरलं तर ती नुसती हवा.

आमचा समज होता की नाव असतं तर भाव मिळाला असता. कोकणानं तोही घालवला. ‘निसर्ग’नंतर बागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. कोकणातली वाडी काही गुंठ्यांची, त्यात झाडं दाटीनं लावलेली. हेक्टराचा हिशेब तिथे जमेना. ओरड झाली तेव्हा सरकारनं झाडागणिक दर ठरवला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. फळ धरायलाच पाच-सहा वर्षं घेणाऱ्या झाडाचे ५० रुपये. म्हणजे बांगलादेशानं नाव दिलेलं, देशभर गाजलेलं वादळसुद्धा शेवटी आमच्याच वावधनाच्या पंगतीत येऊन बसलं. श्रीवर्धनच्या बागायतदाराला आणि तिवस्याच्या कास्तकाराला जोडणारा याहून पक्का रस्ता अजून कोणत्याही सरकारनं बांधलेला नाही.

तेव्हा राजेहो, यंदा टिनावरचे गोटे जरा मोठे घ्या आणि लाइन आहे तोवर मोबाइल चार्ज करून ठेवा. गारपिटीचा विमा काढलेल्या संत्र्याच्या बागेत गार पडली तर ७२ तासांच्या आत कळवावं लागते. वावधनात टॉवर बंद पडला, तरी हे ७२ तास चालूच रायतात.