पायथनमध्ये नाव बदलण्याचे धाडस

रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रॅमचे बाहेरून दिसणारे वागणे जसेच्या तसे ठेवून आतल्या कोडची रचना सुधारणे. काम नीट झाल्याची खूण एकच: ते संपल्यावर कोणालाही काहीही फरक जाणवत नाही. त्यामुळे हे काम महिनाभर करणाऱ्याला पगारवाढीच्या बैठकीत आपण नेमके काय केले ते सांगणे फार जड जाते. फरक जाणवलाच तर त्याला बग म्हणतात, आणि तो कोणी केला हे सगळ्यांना तासाभरात कळते.

असे काम यंत्राच्या गळ्यात मारावे, हा विचार माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात या विषयावर प्रबंध लिहिला. पुढे त्याच विद्यापीठातल्या जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी ‘रिफॅक्टरिंग ब्राउझर’ हे अवजार तयार केले. मार्टिन फाउलर यांचे या विषयावरचे गाजलेले पुस्तक १९९९ साली आले. त्यातली उदाहरणे जावामधली होती, त्यामुळे हे सारे शास्त्र जावावाल्यांनीच काढले असा समज झाला. तो दूर करण्यासाठी जावावाल्यांनी फार कष्ट घेतल्याचे दिसत नाही.

वास्तविक स्मॉलटॉकमध्ये व्हेरिएबलचा प्रकार आधी जाहीर करण्याची पद्धतच नाही. तरीही तिथे मेथडचे नाव बदलायचे, तर ती कोण कोण वापरते हे कळणार कसे? ब्रँट आणि रॉबर्ट्स यांची युक्ती पोलिसी थाटाची होती. जुन्या नावाच्या मेथडवर पाळत ठेवायची आणि प्रोग्रॅम चालू द्यायचा. कोणी जुन्या नावाने हाक मारली की त्याला जागच्या जागी पकडायचे आणि त्याच्या कोडमधले नाव बदलून टाकायचे. प्रोग्रॅमचा जो भाग चाचणीत चाललाच नाही, तो अर्थातच निर्दोष सुटतो आणि महिनाअखेरीस ग्राहकासमोर सापडतो.

पायथनचाही मूळ स्वभाव असाच मोकळा. एकच व्हेरिएबल सकाळी आकडा असतो, दुपारी यादी होतो आणि संध्याकाळी त्यात काहीच नसते. भाषा याबद्दल अवाक्षर काढत नाही. लिहिणाऱ्याला हे सुख वाटते. ‘इन्व्हॉइस’ या क्लासमधल्या ‘सेव्ह’ मेथडचे नाव बदलायला सांगितलेल्या अवजाराला मात्र घाम फुटतो. कोडमध्ये जागोजागी ‘एक्स डॉट सेव्ह’ लिहिलेले असते. हा एक्स म्हणजे इन्व्हॉइस, ग्राहक, की एखादे चित्र? नवऱ्याचे नाव न घेण्याच्या काळात मंगल कार्यालयात कोणीतरी ‘अहो’ म्हणावे आणि साठ पुरुषांनी वळून पाहावे, तशातला हा प्रकार आहे. हाक कोणाला आहे, हे मारणारीला पक्के ठाऊक असते; तिऱ्हाईताने अंदाजच करायचा.

त्यातून काही प्रोग्रॅमर मेथडचे नाव सरळ लिहीतही नाहीत. ‘से’ आणि ‘व्ह’ असे दोन तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून ते ऐन वेळी जोडायचे आणि ‘गेटॲट्र’ या फंक्शनच्या हाती द्यायचे, हे पायथनमध्ये पूर्णपणे कायदेशीर आहे. असे लिहिणाऱ्याला त्या दिवशी आपण फार हुशार असल्याचे वाटते. नाव बदलण्याची वेळ येते तेव्हा तो बहुधा दुसऱ्या कंपनीत हुशार झालेला असतो.

या भाषेसाठीच्या सुरुवातीच्या अवजारांपैकी एकाचे नाव ‘बायसिकल रिपेअर मॅन’ होते. पायथन हे नावच मुळी मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून घेतलेले, आणि अवजाराचे नाव त्यांच्याच एका प्रहसनातले. त्यात सगळे गाव सुपरमॅनने भरलेले असते. कमी असते ती सायकल दुरुस्त करणाऱ्याची. सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या मनुष्यबळाचे याहून अचूक वर्णन क्वचितच झाले असेल.

पुढे ‘रोप’ ही लायब्ररी आली, आणि २०१० साली पायचार्म हा एडिटर. मोठ्या फंक्शनचा एखादा तुकडा कापून त्याचे वेगळे फंक्शन करण्यात ही अवजारे फार तरबेज आहेत. कोणती व्हेरिएबल्स आत पाठवायची, कोणती परत आणायची, हे ती अचूक ठरवतात. तसाच तुकडा आणखी कुठे असेल तर रोप तोही शोधून देते. नव्या फंक्शनला नाव देणे तेवढे माणसावर सोपवलेले असते. माणूस थोडा विचार करून ‘हेल्पर२’ असे लिहितो. बदलांची यादी आधी दाखवण्याची सोयही असते. शंकास्पद जागा माणसाने एकेक करून तपासाव्यात, असा तिचा हेतू आहे. ‘ओके’चे बटण त्याच खिडकीत ठेवल्यामुळे तो फारसा सफल होत नाही.

अशा अवजारांची सर्वांत मोठी परीक्षा ३ डिसेंबर २००८ नंतर झाली. त्या दिवशी पायथन ३ प्रसिद्ध झाले आणि जुना कोड त्यात चालेना. उपाय म्हणून ‘टू टू थ्री’ नावाचे अवजार सोबतच दिले होते. कोड जुन्याच भाषेत लिहीत राहावे आणि दर वेळी यंत्राकडून नवी आवृत्ती काढून घ्यावी, अशी कल्पना होती. ‘प्रिंट’नंतर कंस घालणे, ‘हॅज की’ काढून तिथे ‘इन’ लिहिणे ही कामे अवजाराने निमूटपणे केली. त्याचा प्रामाणिकपणा तर थक्क करणारा होता. जुन्या पायथनमधले ‘इनपुट’ हे फंक्शन, वापरणाऱ्याने जे टाइप केले ते आज्ञा समजून चालवून टाकत असे. ही खोड नव्या भाषेत मुद्दाम काढली होती. अवजाराने प्रत्येक ‘इनपुट’भोवती ‘इव्हॅल’ गुंडाळून ती जशीच्या तशी परत आणली. वागणे बदलायचे नाही म्हणजे नाही, मग ते वागणे कितीही वाईट का असेना!

भागाकारापुढे मात्र ते हतबल होते. जुन्या पायथनमध्ये सातला दोनाने भागले की तीन येत, नव्यात साडेतीन. आता ‘अ भागिले ब’ अशी ओळ दिसली तर अ आणि ब पूर्णांक आहेत की दशांश, हे कोड वाचून कळत नाही. म्हणून अवजाराने भागाकाराला हातच लावला नाही आणि अर्ध्या-अर्ध्याचा हिशेब लोकांवर सोडला. लोकांनीही मग दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा एकच कोड लिहिण्याचा मधला मार्ग काढला. त्यासाठीच्या लायब्ररीचे नाव ‘सिक्स’, कारण दोन त्रिक सहा. जुन्या पायथनचा शेवट आधी २०१५ साली ठरला होता. तो पुढे ढकलून १ जानेवारी २०२० करावा लागला. ‘टू टू थ्री’ला स्वतःला नवे पायथन नीट वाचता येईना, आणि २०२४ च्या ३.१३ आवृत्तीतून ते काढून टाकले. त्याच्या पोटातला कोड वाचणारा भाग मात्र ‘ब्लॅक’ या लोकप्रिय फॉरमॅटरने आधीच उचलून सुधारून घेतला होता.

तो उचलण्यालायक होता, याला कारण आहे. अवजार कोडची वाक्यरचना झाडाच्या रूपात मांडते, झाडात बदल करते आणि त्यातून कोड पुन्हा लिहून काढते. पायथनचे स्वतःचे झाड कॉमेंट आणि मोकळ्या जागा टाकून देते, कारण प्रोग्रॅम चालायला त्यांची गरज नसते. त्या झाडातून कोड परत काढला तर तो बिनचूक चालतो. फक्त ‘या ओळीला हात लावू नका, का ते विचारू नका’ अशी मौलिक माहिती कायमची नाहीशी होते. म्हणून ‘टू टू थ्री’ने आणि पुढे इन्स्टाग्रामच्या ‘लिबसीएसटी’ने रिकाम्या जागेसकट सगळे जपणारे झाड वापरले.

शेवटी अवजारांची दया येऊन म्हणा किंवा स्वतःची, २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून पायथनमध्ये डेटाचे प्रकार सूचना म्हणून लिहिण्याची प्रमाणित सोय झाली. प्रकार लिहावे लागू नयेत म्हणून पायथनकडे आलेली माणसे आता ते आवडीने लिहितात. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी इन्स्टाग्रामने ‘मंकीटाइप’ काढले. ते चालत्या प्रोग्रॅमवर नजर ठेवते, कुठे काय आले ते टिपते आणि सूचना स्वतःच लिहून देते.

रिफॅक्टरिंगमध्ये न वापरलेला कोड काढून टाकणेही येते, आणि तो हुडकणाऱ्या एका अवजाराचे नाव ‘व्हल्चर’, म्हणजे गिधाड, आहे. कोड मेला आहे असे ते ठामपणे म्हणत नाही, टक्केवारी सांगते. न वापरलेल्या इम्पोर्टबद्दल त्याची खात्री नव्वद टक्के असते, फंक्शनबद्दल फक्त साठ. कारण कोणीतरी कुठेतरी तुकडे जोडून त्याला हाक मारत असेलही. ज्या फंक्शनांची नावे मेलेल्या कोडच्या यादीत चुकून आली, त्यांच्यासाठी एक वेगळी पायथन फाइल ठेवता येते. तिच्यात त्या फंक्शनांची नावे नुसती लिहून ठेवायची, म्हणजे ती वापरात आहेत असे व्हल्चरला वाटते. ही फाइलसुद्धा व्हल्चर स्वतःच तयार करून देते.