बँकांचा मानपान

भाचीचं लग्न न्यू जर्सीत. मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती लग्नानंतरची. निदान आहेर तरी वेळेवर पोचावा म्हणून १०१ डॉलर पाठवायचे ठरवले. १०० का नाहीत, असं चिरंजीवांनी विचारलं. म्हटलं, वरचा एक शकुनाचा.

पूर्वी हे काम नाणं चिकटवलेल्या पाकिटाने व्हायचं. आता बँकेचं ॲप. त्याने आधी पॅन मागितला, मग ए-२ फॉर्म भरायला लावला आणि मग विचारलं, कशासाठी पाठवताय? यादीत आहेर नाही. ‘वैयक्तिक भेटी व देणग्या’ आहे, एस १३०२. म्हणजे आहेर आणि देणगी एकाच पाटावर. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेऊ देते. दहा लाख रुपयांच्या वर गेलात की टीसीएसही लागतो म्हणे. त्या श्रीमंती दुखण्याला आम्ही मुकलो.

पुढचा प्रश्न ओळखीचा निघाला : खर्च कोणी करायचा? सगळा तुम्ही, सगळा त्यांनी, की उभयपक्षी? याद्या करायला बसल्यावर विचारतात, अगदी तोच. मी सामोपचाराने ‘उभयपक्षी’वर बोट ठेवलं. तिथेच फसलो.

त्या दिवशी बाजारात डॉलर ८५ रुपयांना होता, बँकेत ८७ ला. या दोन रुपयांना शुल्क म्हणत नाहीत, दर म्हणतात. ‘शून्य शुल्क’ अशी जाहिरात करणाऱ्यांचं पोटही यावरच भरतं. मग पाठवणावळ ५००, तिच्यावर जीएसटी ९०, आणि रुपयाचा डॉलर केला म्हणून आणखी ४५ जीएसटी. खात्यातून ९,४२२ रुपये गेले. चला, वरपक्षाचं समाधान झालं.

पण वाटेत एक मधली बँक लागते. तिला पत्रिका गेली नव्हती. तरी तिने १५ डॉलर मानाचे म्हणून काढून घेतले. भाचीच्या बँकेने पैसे दारात आले म्हणून आणखी १५ घेतले. हे म्हणजे नवरीकडूनच दार अडवणी. बरं, यात पैसे कुठे जातात? कुठेच नाही. स्विफ्ट ही बेल्जियमची संस्था नुसता निरोप पोचवते, बाकी या वहीतला आकडा त्या वहीत. एवढ्यात नेमकं झिजलं काय? परदेशातून घरी पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या आत आणायचा, असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय. आमच्या आहेराने ती वाट उलटी धरली, एवढीच चूक. भाचीने सिंगापूरचा मुलगा पाहिला असता तर २०२३ पासून यूपीआय तिथल्या पे-नाऊला जोडलंय, आहेर मोबाइलवरूनच गेला असता. पण प्रेमात पडताना हे कोण बघतं!

चौथ्या दिवशी ताईचा फोन. “पोचला हं तुझा ७१ चा आहेर.” ‘७१’वर जरा भार होता. मी मधल्या बँकेचं सांगायला लागलो, तर म्हणाली, “असू दे रे, महागाई आहे.”

हिशेब मांडला. डॉलर मला १३२ रुपये ७० पैशांना पडला होता. चिरंजीव कागदावर वाकून म्हणाले, “बाबा, वरचा एक मात्र शाबूत आहे.”