साखळकरांचं जपानी

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत एक तरी साखळकर सापडतातच. खरं आडनाव कुलकर्णी असेल नाहीतर जगताप. पण मोबाइलवरच्या जपानी धड्यांची साखळी एक दिवसही तुटू दिली नाही म्हणून साखळकर. घरात बारसं असो की बारावं, रात्री पावणेबाराला ते गॅलरीत सटकतात आणि ‘मी विद्यार्थी आहे’ असं जपानीत फोनला सांगून येतात. वय सत्तेचाळीस.

पुण्यात जपानी शिकणं ही नवलाई नाही. चाकण पट्ट्यात जपानी कारखाने, सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यानात ओकायामाच्या धर्तीची बाग, आणि पेठांमधून जपानीचे क्लास. साखळकर मात्र क्लासला जात नाहीत. ‘‘वेळ जातो हो, बाकीचे मठ्ठ असतात.’’ खरं कारण असं की क्लासच्या बाई नाव घेऊन उभं करतात. सॉफ्टवेअर कुणाला उभं करत नाही.

त्यांची कमाई थोडीथोडकी नाही, हे कबूल करायला हवं. हिरागाना लिपीची ४६ अक्षरं, काताकानाची ४६, दोन्ही तोंडपाठ. रोजच्या वापराच्या म्हणून सरकारमान्य २१३६ कांजींपैकी, म्हणजे चित्राक्षरांपैकी, बरीच ते बघताक्षणी ओळखतात. विसरण्याच्या बेतात असलेलं कार्ड नेमकं तेव्हाच पुढ्यात टाकणारी आन्कीसारखी सॉफ्टवेअरं या कामात पक्की आहेत; तिथे माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वाक्यांची. मराठीत ‘मी भात खातो’, जपानीत ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमास’. कर्ता, कर्म, क्रियापद, तोच क्रम, आणि नामांना आपल्यासारखीच शेपटं. मराठी माणसाला घरबसल्या मिळालेलं हे घबाड. पण साखळकरांचं सॉफ्टवेअर शिकवतं इंग्रजीतून. म्हणजे आधी मराठी वाक्य उलटं करून इंग्रजीत न्यायचं, मग ते पुन्हा सुलटं करून जपानीत आणायचं. हा द्राविडी प्राणायाम ते रोज बिनतक्रार करतात, शिवाय त्याचे पॉइंट मिळवतात.

‘‘उच्चारही तपासतं ते,’’ असं ते अभिमानाने सांगतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर मिरवणुकीत असताना त्यांना धड्याची आठवण झाली. त्यांनी फोन तोंडाशी धरला; ते बोलणार तोच शेजारच्या पथकाने ढोलावर टिपरू घातलं. सॉफ्टवेअरने क्षणभर विचार केला आणि हिरवी खूण दिली. उत्तम उच्चार! पथकाला अजून कल्पना नाही.

बरं, परीक्षेत तरी हे उघडं पडावं? तर जपानीची ती जगप्रसिद्ध जेएलपीटी १९८४पासून चालू आहे, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत पाच पायऱ्या आहेत, आणि एकाही पायरीवर तोंड उघडावं लागत नाही. वाचा, ऐका, गोळे काळे करा. साखळकर एन-थ्री झाले ते असे, मौनव्रतात.

मग एके दिवशी जपानहून क्लायंट आले. साहेबांनी साखळकरांना पुढे ढकललं. ते कमरेत वाकून ‘हाजिमेमाश्ते’ म्हणाले. पाहुणे प्रसन्न झाले आणि ‘तुमचं जपानी फारच छान’ असं म्हणाले. परदेशी माणसाने दोन शब्द उच्चारले की जपानी माणूस हे म्हणतोच. त्याला शिष्टाचार म्हणतात, गुणपत्रक नव्हे. साखळकरांना ते गुणपत्रक वाटलं. ते असे फुलले की पाहुण्यांनी विश्वासाने पुढची दोन मिनिटं न थांबता आपलं मन मोकळं केलं.

मी साखळकरांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. अंगठा हवेत कासवाचं बटण शोधत होता, तेच वाक्य सावकाश ऐकवणारं. ते सापडेना. पाहुण्यांच्या टायखाली चार पर्यायही उमटेनात. जपानीत समोरचा बोलत असताना मधून मधून ‘हाई, हाई’, ‘सो देस का’ असे हुंकार भरावे लागतात, नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं हा माणूस ऐकतोय की गेला. धड्यात हुंकाराला गुण नव्हते. साखळकर गप्प. पाहुणे काळजीत पडून थांबले. मग साखळकरांनी दीर्घ श्वास घेतला आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष असं एक वाक्य टाकलं: ‘‘हे सफरचंद लाल आहे.’’

टेबलावर बटाटेवडे होते. पाहुण्यांनी अतिशय सभ्यपणे सगळीकडे नजर टाकून सफरचंद शोधलं आणि मान डोलावून म्हणाले, ‘‘सो देस ने.’’

संध्याकाळी बसमध्ये मी हळूच विचारलं, ‘‘एखाद्या जपानी माणसाशी आठवड्यातून तासभर बोलत का नाही?’’

‘‘आधी बेस पक्का होऊ दे.’’ मग त्यांनी मला योगेंद्र पुराणिकांचं उदाहरण दिलं, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात २०१९ला नगरसेवक म्हणून निवडून आलेले. पुराणिक तिथे वर्षानुवर्षं माणसांत राहिले, मतं मागत फिरले, हे मी म्हणणार होतो, पण साखळकर पाहुण्यांच्या मुद्द्यावर आले होते.

‘‘ते ओसाकाकडचे असावेत,’’ खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, ‘‘बोली जरा अशुद्ध वाटली.’’

येत्या डिसेंबरात ते एन-टूला बसतायत. पास होणार, शंकाच नको.