राजे पाहिले, चूल कुणी पाहायची?

माया संस्कृतीच्या पिरॅमिडसमोर उभं राहिलं की पर्यटकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. बळी, रक्त, पिसांचा मुकुट. सिनेमाने तेवढंच शिकवलंय. बाकीची लाखो माणसं दिवसभर काय करत होती?

मका दळत होती.

ग्वाटेमालातल्या टिकालचं सर्वांत उंच मंदिर सुमारे 65 मीटर. बांधणाऱ्यांकडे लोखंडी हत्यारं नव्हती, ओझ्याला बैल नव्हता, गाडीला चाक नव्हतं. दगड माणसांच्या पाठीवरून आले. पाटीवर नाव मात्र राजाचं.

त्याच टिकालला नदी नाही. चुन्याचा गिलावा केलेल्या चौकांना उतार देऊन पावसाचं पाणी तलावांत वळवलं, त्यावर शहर शतकानुशतकं जगलं. फोटो मात्र शिखराचाच निघतो. तलावाकडे कोण वळतं?

खरं तर जुनं जगणं पाहायचं असेल, तर एल साल्वाडोरमधल्या होया दे सेरेनला जावं. इसवी सन 600च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं हे शेतकऱ्यांचं गाव 1976 मध्ये बुलडोझरला लागलं. मडक्यात घेवडा, छपरात उंदीर, दोरीला बांधलेलं बदक, वाडग्यांत बोटांनी निपटल्याच्या खुणा. घरांत माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. भांडी घासायलाही न थांबता लोक पळाले होते. इथे ना राजा, ना उंच मंदिर. मग गर्दी कशी होणार?

आणि ते ठरलेलं वाक्य : ‘माया लोक अचानक नाहीसे झाले.’ नवव्या शतकात दक्षिणेकडची शहरं दुष्काळ, लढाया यांनी ओस पडू लागली, हे खरं. माणसं कुठे गेली? ती तिथेच आहेत. आज लाखो माया लोक युकातेक, किचे अशा आपापल्या भाषा बोलतात. ग्रंथांचं म्हणाल, तर 1562 मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने त्यांची होळी केली. आज शिल्लक आहेत जेमतेम चार.

माया बाई आजही मका चुन्याच्या पाण्यात शिजवते. त्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, चुन्याची युक्ती गेली नाही. पुढे इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या छळलं. सोनं कुठे आहे, हे स्पॅनिशांनी दारोदार विचारलं होतं. मका कसा शिजवता, हे विचारलं असतं तर?